काल रातीपासून काय खाऊक नाय

मुंबईकडून येताना महामार्गावर कणकवलीच्या अलीकडे नांदगावचा तिठा लागतो. इथून देवगडचा रस्ता फुटतो. तिठ्यावरून आत कुठल्याही वाडीत शिरलं तरी पहिलं स्वागत कुत्रं करतं. पडवीत पडलेलं असतं, अनोळखी पाऊल वाजलं की उठतं, घरचं माणूस ‘गप रे’ म्हणेपर्यंत भुंकतं. पण एखाद्या सकाळी ते उठतच नाही. आदल्या रात्रीचा भात ताटलीत तसाच असतो, त्यावर मुंग्या चढलेल्या असतात. मग जनावरांच्या डॉक्टरला फोन जातो आणि पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: “डॉक्टरांनू, काल रातीपासून काय खाऊक नाय. काय झाला आसात?”

नुसत्या या वाक्यावरून कुठलाही डॉक्टर उत्तर देऊ शकत नाही. कुत्र्याने जेवण सोडणं हे गोचीडतापाचं लक्षण असू शकतं, लेप्टोचं असू शकतं, फुरशाच्या दंशाचं, उंदराच्या विषाचं, घशात अडकलेल्या माशाच्या काट्याचंही असू शकतं. डॉक्टर येईपर्यंत घरात उपाय सुरू झालेले असतात. आजी दिष्ट काढते, कुणी अंगाला हळद-तेल लावतं, कुणी देवळात गाऱ्हाणं घालून येतं, आणि मुंबईहून सुट्टीवर आलेला मुलगा पाकिटातली तापाची गोळी भातात कालवतो. पहिल्या तिन्ही उपायांनी जनावराचं काही बिघडत नाही. चौथ्याने बिघडतं. ते का, हे पुढे येईलच.

जेवण सोडणं, कोपऱ्यात पडून राहणं, अंग चाटायचं थांबवणं हे सगळं एकत्र का येतं, याचा नीट विचार कॅलिफोर्नियातल्या बेंजामिन हार्ट या पशुवैद्याने 1988 साली मांडला. तोपर्यंत समज असा होता की आजाराने शरीर खचतं म्हणून प्राणी निपचित पडतो. हार्टचं म्हणणं उलट होतं. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात, ती मेंदूला ताप वाढवायला सांगतात, भूक बंद करायला सांगतात, झोप आणतात. ताप वाढवायला भरपूर शक्ती लागते, ती शिकारीत आणि हिंडण्यात खर्च होऊ नये यासाठीची ही सोय आहे. शिवाय अनेक जंतूंना वाढायला लोह लागतं आणि तापात शरीर रक्तातलं लोह लपवून ठेवतं. अशा वेळी पोट रिकामं राहिलेलं शरीराला परवडतं. म्हणजे अन्न सोडणं हा शरीराचा पवित्रा आहे, आणि शत्रू कोणताही असला तरी पवित्रा तोच. त्यामुळे लक्षणावरून शत्रू ओळखता येत नाही.

कोकणातल्या कुत्र्यांच्या बाबतीत संशयितांच्या यादीत पहिला क्रमांक गोचिडीचा, आणि तो वर्षभर. कुत्र्याच्या अंगावर सापडणारी तपकिरी गोचीड ही जंगलातली नव्हे, घरातली रहिवासी आहे. तिची पिल्लावस्था, मधली अवस्था आणि प्रौढावस्था या तिन्ही कुत्र्याच्याच रक्तावर जगू शकतात. प्रत्येक जेवणानंतर ती खाली उतरते, भिंतीच्या फटीत जाऊन कात टाकते आणि पुन्हा चढते. चिऱ्याच्या भिंतीतल्या भेगा, लाकडी चौकटीमागची पोकळी, पडवीच्या कोपऱ्यातला रिकाम्या पोत्यांचा ढीग या तिच्या आवडत्या जागा. पोट भरलेली मादी हजारोंनी अंडी घालते. कुत्र्याच्या अंगावर दहा गोचिडी दिसत असतील तर घरात त्याच्या कितीतरी पट बसलेल्या असतात. हे सांगितलं की घरमालकीण हमखास दुखावते, पण यात तिच्या केरवाऱ्याचा दोष नाही. उबदार, दमट हवेत हे चक्र दोन-एक महिन्यांत पुरं होतं आणि कोकणात अशी हवा बारा महिने असते.

या गोचिडीकडून कुत्र्याला मिळणाऱ्या रोगांत दोन महत्त्वाचे. पहिला एर्लिकिया. हा एक बारीक जिवाणू, तो पांढऱ्या पेशींच्या आत जाऊन राहतो. चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, कुत्रं मलूल होतं, गळ्याच्या आणि मांडीमागच्या गाठी सुजतात. दोन ते चार आठवड्यांनी हे सगळं बहुधा आपोआप मावळतं. इथेच फसगत होते. कुत्रं खायला लागतं, भुंकायला लागतं, घरचे विसरून जातात, आणि जिवाणू प्लीहेत दबा धरून बसतो. असे महिने जातात, कधी वर्षंही. काही कुत्री या काळात स्वतःच त्याच्यावर मात करतात. काहींच्या बाबतीत तो एक दिवस अस्थिमज्जेवर उतरतो, रक्तातल्या सगळ्या पेशी कमी होतात, आणि नाकातून रक्ताची धार लागते. मालक सांगतो, परवापर्यंत ठणठणीत होता. ते खरं असतं. पण आजार परवाचा नसतो, कदाचित मागच्या शिमग्याचा असतो.

याच कोड्याने एकेकाळी दोन बलाढ्य सैन्यांना हैराण केलं होतं. 1960च्या दशकात सिंगापूरमध्ये ब्रिटिश लष्कराची कुत्री नाकातून रक्त येऊन मरू लागली. पाठोपाठ व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याच्या कुत्र्यांत तेच सुरू झालं, आणि त्यातही जर्मन शेफर्ड जातीचे हाल जास्त. सुरुवातीला कारण कळेना, तेव्हा लक्षणांवरूनच आजाराला लांबलचक नाव दिलं गेलं. त्यामागे एर्लिकिया आहे हे 1970च्या सुमारास सिद्ध झालं. गंमत म्हणजे हा जिवाणू नवा नव्हताच. 1935 साली अल्जीरियात दोन फ्रेंच संशोधकांनी त्याचं वर्णन करून ठेवलं होतं. मधली तीन दशकं त्याच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही, कारण इतका जीवघेणा होईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

दुसरा रोग बबेसियाचा. हा परजीवी तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, कधी कावीळ दिसते. त्याची एक बारीक जात आपल्या देशात जास्त आढळते, आणि तिचा शोधही इथलाच. 1910 साली मद्रासमधल्या इंग्रजांच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात पॅटन नावाच्या अधिकाऱ्याने ती पाहिली, नंतर कोल्ह्याच्या रक्तातही पाहिली. आज तिला बबेसिया गिब्सोनी म्हणतात. एर्लिकियावर चालणारी साधी डॉक्सिसायक्लिनची गोळी हिला पुरत नाही. मोठ्या जातीच्या बबेसियावर चालणारं इंजेक्शनही हिला हटवत नाही. तिच्यासाठी वेगळी आणि महागडी औषधं लागतात.

एकच गोचीड एकाच कुत्र्याला हे दोन्ही रोग देऊ शकते, हे ध्यानात घेतलं की ‘काय झाला तां कळना नाय’ या तक्रारीचा निम्मा उलगडा होतो. रक्त तपासलं, एर्लिकिया निघाला, गोळ्या दिल्या, तरी कुत्रं सुधारत नाही. मग डॉक्टरवर संशय, गोळ्यांवर संशय, शेवटी शेजारणीच्या नजरेवर संशय. प्रत्यक्षात पहिला चोर सापडल्यावर दुसऱ्याचा शोध थांबलेला असतो.

चाचण्यांनाही त्यांच्या मर्यादा आहेत. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं ही स्वस्त आणि जुनी पद्धत. जंतू दिसला तर प्रश्न मिटला, पण न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, कारण जुन्या आजारात रक्तातले जंतू फार विरळ असतात. झटपट निकाल देणारी पट्टी प्रतिपिंडं शोधते. ती आजार बरा झाल्यावरही महिनोन्महिने टिकतात आणि आजाराच्या पहिल्या आठवड्यात मात्र तयारच झालेली नसतात. जंतूचा अंश शोधणारी पीसीआर चाचणी अधिक नेमकी, पण तिचा नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो. जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने मुळात गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्या डोळ्यासमोर ठेवून उभे राहिले. घरच्या कुत्र्या-मांजरांचं रक्त मग अनेकदा माणसांच्या प्रयोगशाळेत जातं. तिथलं यंत्र माणसाच्या पेशींच्या मापावर लावलेलं असतं. मांजराच्या बिंबिका (प्लेटलेट) आकाराने मोठ्या असतात आणि गुठळी करून बसतात, त्यामुळे यंत्र त्या धड मोजत नाही. आकडा पाहून घाबरण्याआधी काचपट्टी डोळ्यांनी पाहून घ्या, असं चांगला डॉक्टर सांगतो तो यासाठी.

गोचिडीखेरीज कोकणातली आणखी एक गोष्ट अशीच उशिरा अंगावर येते. उंदीर माडावर चढून कोवळे नारळ पोखरतात म्हणून बागेत ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवतात. हे विष रक्त गोठण्याची यंत्रणा बंद पाडतं, पण शरीरात आधीच तयार असलेले गोठणघटक संपेपर्यंत काहीच दिसत नाही. कुत्र्याने वडी किंवा विषारी उंदीर खाल्ल्यावर तीन ते पाच दिवसांनी ते दमायला लागतं, हिरड्यांतून रक्त येतं, कधी छातीत रक्त साचून श्वास लागतो. तोवर वडी ठेवल्याची आठवणही बुजलेली असते, आणि अनेकदा ती शेजारच्या बागेतली असते. ‘गेल्या आठवड्यात आजूबाजूला कुणी उंदराचं औषध ठेवलं होतं का?’ हा एक प्रश्न विचारला गेला तर जीव वाचतो, कारण यावर जीवनसत्त्व के हा खात्रीचा उतारा आहे. तो मात्र काही आठवडे द्यावा लागतो.

फुरशाचा प्रकार याहून वेगवान. रक्त त्यातही गोठत नाही, पण सूज काही तासांत दिसते, आणि ती बहुधा नाकाडावर किंवा पुढच्या पायावर, कारण कुत्रं हुंगायला जातं आणि दंश घेतं. आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यातच होता. त्या जिल्ह्यात इंग्रज सरकारने फुरशांवर इनाम लावलं, तेव्हा 1862च्या डिसेंबरात आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणल्याची नोंद आहे. फुरसं काही संपलं नाही. लेप्टोबद्दल एवढंच की भातलावणीच्या दिवसांत माणसाला होतो तोच हा रोग कुत्र्यालाही होतो, उंदराच्या मुतातून होतो, आणि आजारी कुत्र्याच्या मुतातून घरच्यांना होऊ शकतो. पावसाळ्यात पिवळ्या डोळ्यांचं कुत्रं साफ करताना हातमोजे हवेतच. याची लस मिळते, दरवर्षी द्यावी लागते.

दोडामार्गात 2016 साली माकडतापाचे रुग्ण आढळले आणि तेव्हापासून सिंधुदुर्गात गोचीड या शब्दालाच लोक दचकतात. कुत्र्याच्या अंगावरची गोचीड पाहून घरात लहान मूल आहे, आता काय, असा प्रश्न येतो. माकडताप 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. तो पसरवणारी मुख्य गोचीड वेगळ्या जातीची, रानातल्या पाचोळ्यात राहणारी. घरच्या भिंतीतली तपकिरी गोचीड ती नव्हे. पण काजूच्या बागेतून किंवा रानातून हिंडून आलेल्या कुत्र्याच्या अंगावर रानातली गोचीडही असू शकते, आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्ही वेगळ्या ओळखणं सोपं नाही. म्हणून रानातून आलेल्या कुत्र्याची गोचीड नुसत्या बोटांनी काढून चिरडू नये, चिमट्याने ओढून साबणाच्या पाण्यात टाकावी. परिसरात माकडं मरून पडत असतील तर कुत्र्याची चिंता नंतर, आधी आरोग्य केंद्राला कळवायचं.

गोचिडीची गोष्ट इथवर झाली. आता हीच फसगत दाखवणाऱ्या एका अशा प्राण्याकडे वळतो जो नांदगावात बहुधा कुणी पाहिलेला नाही. फेरेट. लांबुडका, आखूड पायांचा, मुंगसासारखा दिसणारा. मुंगसाशी त्याचं नातं मात्र नाही. तो आपल्या नदी-खाडीतल्या पाणमांजराच्या कुळातला. युरोपात माणसाने तो दोन हजार वर्षांहून अधिक काळ सशांच्या शिकारीसाठी पाळला. परदेशातल्या मराठी घरांत, अलीकडे आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही, मुलांच्या हट्टाने तो येतो. कोकणाच्या हवेत तर त्याला आधी उकाडाच मारेल. तीस अंशांच्या वर गेलं की त्याला उष्माघाताचा धोका असतो. त्याची आतडी इतकी आखूड की अन्न तीन-चार तासांत पार होतं, म्हणून त्याने एक दिवस न खाणं हे कुत्र्याच्या एका दिवसापेक्षा कितीतरी गंभीर. तीन-चार वर्षांच्या फेरेटला स्वादुपिंडात बारीक गाठी होतात, त्या इन्सुलिन ओततात आणि रक्तातली साखर पडते. तो शून्यात बघत बसतो, मागचे पाय ओढतो, तोंडाला लाळ येते. वय झालं, आळशी झाला, म्हणून घरचे सोडून देतात. खाल्लं की बरा वाटतो, म्हणून संशयही येत नाही.

या प्राण्याच्या आजारपणाने वैद्यकाला फार मोठं काही दिलं आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर, म्हणजे पिल्लांना ताप, डोळ्या-नाकातून पू आणि नंतर झटके आणणारा रोग, कशाने होतो यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाद होता. हेन्री कारे या फ्रेंच पशुवैद्याने 1905 साली सांगितलं की गाळणीतूनही पार जाणारं काहीतरी आहे, म्हणजे विषाणू. अनेकांनी ते मानलं नाही, कारण आजारी कुत्र्यांत एक जिवाणू सर्रास सापडत होता आणि तोच दोषी मानला जात होता. पुन्हा तेच, पहिला चोर सापडला की शोध बंद. शेवटी ‘द फील्ड’ या इंग्रजी शिकारी नियतकालिकाने 1923 साली वाचकांकडून वर्गणी गोळा केली आणि लंडनजवळ मिल हिल इथे पॅट्रिक लेडलॉ आणि जी. डब्ल्यू. डंकिन यांनी काम सुरू केलं. कुत्र्यांवर प्रयोग अवघड होते, कारण पुष्कळ कुत्र्यांना रोग आधीच होऊन गेलेला असे. फेरेट मात्र या रोगाने जवळजवळ खात्रीने मरत. त्या प्राण्यांवरच कारेचं म्हणणं खरं ठरलं आणि लसीचा रस्ता उघडला. आपल्या पिल्लांना आज टोचली जाते त्या लसीचा वंश तिथून सुरू होतो.

तेच फेरेट 1933 साली पुन्हा कामी आले. इन्फ्लुएंझा झालेल्या माणसांच्या घशातलं पाणी विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फेरेटच्या नाकात सोडलं. दोन दिवसांत ते शिंकू लागले, डोळ्यांना पाणी, अंगात ताप. माणसाच्या फ्लूचा विषाणू असा पहिल्यांदा हाती लागला. पुढे 1936 साली एका आजारी फेरेटने चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस या डॉक्टरच्या तोंडावर शिंक मारली आणि दोनेक दिवसांत डॉक्टर अंथरुणाला खिळले.

त्याच कुळातला अमेरिकेतला काळ्या पायांचा रानटी फेरेट नामशेष झाल्याचं मानलं जात होतं. 1981 साली वायोमिंगमध्ये एका शेतावरच्या कुत्र्याने त्याला मारून घरी आणलं, तेव्हा तो अजून जिवंत आहे हे कळलं. 1985 साली त्या वसाहतीतली संख्या झपाट्याने घटली. त्याचं भक्ष्य असलेल्या प्रेअरी डॉग नावाच्या खारवर्गीय प्राण्यांमध्ये प्लेग सापडला, म्हणून सगळ्यांचं बोट प्लेगकडे गेलं. मग पकडलेल्या फेरेटमध्ये डिस्टेंपर निघाला. दोन्ही रोग एकाच वेळी होते. शेवटचे 18 प्राणी पकडून त्यांच्यापासून जात पुन्हा वाढवावी लागली.

नांदगावच्या पडवीत हे सगळं कसं कामाला येतं? मालकाने डॉक्टरला ‘काय झाला आसात’ विचारण्याऐवजी ‘काय दिसलं’ ते सांगितलं, तर. ओठ वर करून हिरडी पाहायची: गुलाबी, पांढरी की पिवळी. हिरडीवर बोट दाबून सोडायचं; दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. पोटाच्या कमी केसांच्या कातडीवर सुईच्या टोकाएवढे लाल-निळे ठिपके असतील तर बिंबिका घसरल्या आहेत असा संशय घ्यायचा. झोपेत मिनिटाला पंधरा ते तीस श्वास हे ठीक. सतत त्याहून जास्त असतील तर वाट पाहायची नाही. कुत्र्याचं तापमान मुळात माणसापेक्षा जास्त, 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागणं हा पुरावा नव्हे. गुदद्वारातून थर्मामीटर लावला तरच कळतं. लघवीचा रंग, शेवटची गोचीड कधी दिसली, मागच्या सहा महिन्यांत कधी असंच मलूल होऊन आपोआप बरं झालं होतं का, हेही सांगावं; हा शेवटचा प्रश्न तर सोन्याचा. मोबाईलवर चालण्याचा व्हिडिओ काढून ठेवावा, कारण दवाखान्यात पोचल्यावर भीतीने बऱ्याच जनावरांना बरं वाटल्याचं सोंग येतं. मांजर दोन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साचू लागते, म्हणून त्याच्या बाबतीत थांबायची मुदत आणखी कमी.

आणि ती भातातली गोळी. पॅरासिटामॉल निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. माणसाची एक गोळी त्याला मारू शकते. कुत्र्याला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिलं तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. गोचीडतापात बिंबिका आधीच कमी असतात, त्यात अशी गोळी म्हणजे आतल्या रक्तस्रावाला दार उघडून देणं. ताप डॉक्टरला मोजू द्यावा.

एर्लिकियाची गोळी सुरू झाली की पुष्कळ कुत्री दोन-तीन दिवसांत उठतात, भात मागतात. मग पाचव्या दिवशी गोळ्या बंद होतात. डॉक्टरने लिहून दिलेले असतात साधारण अठ्ठावीस दिवस, कारण जिवाणू पेशीच्या आत असतो आणि भूक परत आली म्हणून तो गेलेला नसतो. गोळी जेवणानंतर द्यावी, नाहीतर उलटी होते. महिना झाल्यावर बिंबिका पुन्हा मोजाव्या. त्या वर आल्या नसतील तर बबेसियाचा विचार सुरू करावा. आणि कुत्र्याला गोचिडीचं औषध देताना पडवीच्या भिंतीही विसरू नयेत. भेगा सिमेंटने बुजवाव्या, पोती उन्हात टाकावी, फवारणी केलीच तर काही आठवड्यांनी पुन्हा करावी, कारण अंड्यांवर औषध फारसं चालत नाही आणि प्रौढ गोचीड काही न खाता एक पावसाळा सहज काढते.